हरणासाठी काडतूस निवडताना आधी खांदा बघा

रेंजवर नवीन येणारी मुलं थोडी ओळख झाली की हमखास विचारतात, "ताई, हरणासाठी कुठलं काडतूस घेऊ?" तोवर त्यांनी इतकं वाचलेलं आणि ऐकलेलं असतं की डोक्यात आकड्यांचा नुसता गुंता झालेला असतो. कुणी सांगितलेलं असतं की .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या जोरकस काडतुसाशिवाय हरीण जागेवर पडत नाही. कुणी म्हणतं ६.५ क्रीडमूर आल्यापासून बाकी सगळं जुनं झालं.

माझं मत ठाम आहे. पन्नास ते शंभर किलोचं हरीण आणि दोनशे-अडीचशे यार्डांच्या आतलं अंतर असेल तर .२४३, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८, .२७०, .३०८ आणि .३०-०६ यांतलं कुठलंही काडतूस पुरून उरतं. (नावातला पहिला आकडा ढोबळमानाने गोळीचा व्यास सांगतो: टिंबाने सुरू होत असेल तर इंचांत, नाहीतर मिलिमीटरमधे.) यांच्यातला फरक कागदावर मोठा दिसतो, जनावरावर फारसा दिसत नाही. खरा फरक दोन ठिकाणी पडतो: तुमच्या खांद्यावर आणि गोळीच्या बनावटीत. म्हणून मी निवडीची सुरुवात तिथूनच करायला सांगते.

आधी हरणाचं बघू. आडव्या उभ्या असलेल्या हरणाच्या छातीत, पुढच्या पायाच्या लगेच मागे, फुप्फुसं आणि हृदय मिळून साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची जागा असते. गोळी तिथे शिरली, आत उमलली आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडली की काम झालं. पलीकडून बाहेर पडण्याचं महत्त्व नवशिक्यांना कळत नाही. फुप्फुसातून गोळी आरपार गेली तरी हरीण पन्नास-शंभर यार्ड पळू शकतं. दोन भोकं असली तर रक्ताचा माग नीट लागतो. दाट झुडपात संध्याकाळ उतरत असताना तो माग सापडला नाही तर जनावर वाया जातं, आणि ते मला सहन होत नाही.

आता काडतुसांकडे येते. यांतली बरीचशी एकाच घरातली आहेत. .३०८ विंचेस्टर १९५२ साली आलं. त्याचंच पितळी केस, म्हणजे दारू भरायचं कवच, तोंडाशी आवळून १९५५ साली .२४३ झालं, आणि तेच केस ७ एमएमच्या गोळीला बसवून रेमिंग्टनने १९८० साली ७ एमएम-०८ बाजारात आणलं. तिघांची लांबी जवळपास सारखी, म्हणून तिन्ही आखूड ॲक्शनच्या, म्हणजे काडतूस आत ढकलणारी यंत्रणा आखूड असलेल्या, रायफलीत बसतात. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी, म्हणजे साडेसहा ग्रॅमची, सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने नळीतून सुटते. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी सुमारे ८६० मीटरने. .२७० विंचेस्टर १९२५ चं आणि .३०-०६ नावाप्रमाणे १९०६ चं. ही दोन्ही लांब ॲक्शनची आहेत आणि आजही त्यांच्यात खोट काढायला जागा नाही. ६.५ क्रीडमूर मुळात लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धांसाठी बनलं. त्याची लांबट, सडपातळ गोळी वाऱ्याने कमी ढळते आणि वेग टिकवून धरते. पण हा गुण दिसायला लागतो तो चारशे यार्डांपुढे, आणि तिथे हरणावर गोळी झाडावी असं मला वाटत नाही.

गोळी वाटेत किती खाली पडते यावर तासन्‌तास वाद चालतात. रायफल २०० यार्डांवर झीरो केली असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या फुलीवर लागेल अशी दुर्बीण लावली असेल, तर ३०० यार्डांवर .२७० ची १३० ग्रेनची गोळी साधारण साडेसहा इंच खाली लागते आणि .३०८ ची १५० ग्रेनची आठ-साडेआठ इंच. बाकीची या दोघांच्या मधे किंवा आसपास. म्हणजे सगळा वाद दोन इंचांचा. शंभर यार्डांवर दोन इंचांत गोळ्या बसवणारा माणूस शिकारी म्हणून चांगलाच म्हणायचा, पण त्याच्याही गोळ्या तीनशेवर सहा इंचांत पसरतात. ते दोन इंच या सहा इंचांत कुठे हरवतात ते दिसतसुद्धा नाही.

खांद्याचा हिशोब मात्र असा हरवत नाही. साडेतीन किलोच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा जेवढा दणका बसतो, त्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जेचा दणका .३०० विंचेस्टर मॅग्नम देतं. .२४३ क्रीडमूरपेक्षाही हलकं, .३०८ त्या दोघांच्या थोडं वर, .३०-०६ आणखी वर. दणका सोसता येतो का, हा प्रश्नच चुकीचा आहे. धडधाकट माणूस तो सोसतोच. शरीर त्या दणक्याची वाट बघायला लागतं का, हे बघायचं असतं.

ते बघायची एक रीत आहे आणि ती मी प्रत्येकाला करायला लावते. मॅगझिन, म्हणजे रायफलीतला काडतुसांचा कप्पा, मी भरते. जिवंत काडतुसांमधे दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टिकली) नसलेलं एखादं नकली काडतूस सरकवते. कितव्या जागी आहे ते झाडणाऱ्याला ठाऊक नसतं. एकदा एक चांगला दणकट तरुण नवी कोरी .३०० मॅग्नम घेऊन आला. पहिल्या दोन गोळ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या वेळी त्याने चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं. गोळी सुटलीच नव्हती, तरी नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलं, मान आवळली गेली, गाल दस्त्यावरून उचलला गेला आणि डोळे घट्ट मिटलेले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, मी डोळे मिटले होते?" त्याला पत्ताच नव्हता. जिवंत गोळीच्या वेळी हेच सगळं होत असतं, फक्त आवाजात आणि उसळीत ते लपून जातं. मी त्याला माझ्या मैत्रिणीची .२४३ दिली आणि तोच खेळ पुन्हा केला. काही गोळ्यांनंतर नकली काडतुसावर चाप पडला तेव्हा दुर्बिणीतली फुली जागची हलली नाही. शंभर यार्डांवरच्या कागदावर त्याच्या मॅग्नमची भोकं तळहाताबाहेर पसरली होती, .२४३ ची सगळी तळहाताच्या आत होती. माणूस तोच, डोळे तेच.

म्हणून नवशिक्याला मॅग्नम सुचवणाऱ्यांचा मला राग येतो. .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ साली आलं. सांबर, एल्क यांसारखी मोठी हरणं आणि लांबचं अंतर यासाठी ते उत्तम काडतूस आहे. पण ऐंशी किलोच्या हरणासाठी ते घेतलं, तर पोटात किंवा पायात गोळी बसण्याची शक्यता तुम्ही विकत घेता. पोटात बसलेली मॅग्नमची गोळी फुप्फुसात बसलेल्या .२४३ ची बरोबरी करत नाही. जखमी जनावर तासन्‌तास तडफडतं. अंगाने बारीक असलेल्यांना, बायकांना आणि मुलांना मी .२४३ किंवा ७ एमएम-०८ सांगते. मी स्वतः अंगाने लहान आहे आणि कित्येक हंगाम ७ एमएम-०८ वापरते आहे. .२४३ मधे मात्र गोळीची निवड काटेकोर हवी. ८० ते १०० ग्रेनची, हरणासाठीच बनवलेली गोळी घ्या. त्याच काडतुसात कोल्ह्यासारख्या छोट्या जनावरांसाठी ५५ ते ७० ग्रेनच्या पातळ कवचाच्या गोळ्याही मिळतात. त्या हरणाच्या खांद्यावरच फुटतात, आत जात नाहीत.

इथून गोळीचा विषय सुरू होतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. लोक काडतुसाच्या नावावर महिनाभर विचार करतात आणि गोळीचा डबा फडताळावर दिसेल तो उचलतात. साधी सॉफ्ट पॉइंट गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं कवच. मध्यम वेगात ती छान काम करते. पण .२७० सारख्या वेगवान काडतुसातून पन्नास यार्डांवर ती खांद्याच्या हाडावर बसली तर कवच आणि शिसं वेगळं होऊन तुकडे होतात. असं हरीण सोलताना मी पाहिलंय: कातड्याखाली पुढचा अख्खा फरा काळ्या-जांभळ्या जेलीसारखा झालेला, स्नायूंच्या थरांमधे रक्त पसरलेलं, आणि बोटाला टोचणारे शिशाचे कण. पुढे गोळ्यांची कंपनी काढणाऱ्या जॉन नॉस्लरला १९४६ मधे कॅनडात मूस या मोठ्या हरणावर गोळ्या टाकताना अशाच फुटणाऱ्या गोळ्यांचा अनुभव आला. त्यातून गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत ठेवायची कल्पना निघाली. पुढचा भाग उमलतो, मागचा शाबूत राहून आत शिरत जातो. १९४८ पासून ती 'पार्टिशन' विकली जाते आहे आणि अजून खपते.

मी आता निखळ तांब्याची गोळी वापरते. हरणाचं मांस घरात खाल्लं जातं, आणि शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत पसरतात हे एक्स-रेवर स्पष्ट दिसतं. डोळ्यांना न दिसणारा तो कण मुलांच्या पानात जावा हे मला मान्य नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालतच नाही. तिथल्या कंडोर गिधाडांना अवशेषांतल्या शिशाची विषबाधा होत होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. तांब्याची गोळी निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर ठेवायला नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ जास्त लागतो, आणि तांब्याला उमलायला वेगही जास्त हवा असतो. म्हणून वजन एक पायरी खाली आणायचं. ७ एमएम-०८ मधे पूर्वी मी १४० ग्रेन वापरत होते, आता १२० ग्रेन. सापडलीच तर गोळी चार पाकळ्या मागे वळलेल्या अवस्थेत मिळते, वजन जवळजवळ तेवढंच. बहुतेक वेळा ती आरपार निघून गेलेली असते, आणि मला तेच हवं असतं.

खरेदीआधी जिथे शिकार करणार तिथला कायदा बघा, कारण बऱ्याच ठिकाणी निम्मी निवड कायदाच करून देतो. जर्मनीत रो या छोट्या हरणासाठी गोळीत १०० मीटरवर किमान १००० ज्यूल ऊर्जा हवी, आणि बाकीच्या खुरवाल्या मोठ्या जनावरांसाठी कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल. म्हणजे रो हरणाला चालणारं .२४३ तिथे लाल हरणाला चालत नाही, ६.५ क्रीडमूर मात्र बसतं. अमेरिकेत काही राज्यांतल्या ठरावीक भागांत गळा न आवळलेली, सरळ केसची काडतुसंच चालतात. तिथे .३०८ चा विचारच करू नका. २०१९ साली आलेलं .३५० लेजंड मुख्यतः याच शिकाऱ्यांसाठी आहे.

१८९५ च्या .३०-३० विषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ते मुख्यतः लीव्हर रायफलीत, म्हणजे चापाजवळचा दांडा खाली-वर करून भरायच्या रायफलीत, वापरतात. तिच्या नळीसारख्या मॅगझिनमधे काडतुसं एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकू नये म्हणून त्याच्या गोळ्या चपट्या तोंडाच्या असतात, आणि त्यामुळे वेग लवकर मरतो. दीडशे यार्डांच्या आत, दाट रानात, हलकी रायफल घेऊन हळूहळू चालत शिकार करणार असाल तर ते आजही घ्या. मनात किंतु ठेवू नका.

काडतूस ठरलं की ते सहज आणि सतत मिळतं ना याची खात्री करा. या बाबतीत .३०८ आणि .३०-०६ ला तोड नाही. मग एकाच कंपनीचे, एकाच गोळीचे काही डबे एकदम घ्या आणि सराव त्यावरच करा. बेंचवरून, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून, झीरो झालं की बेंच सोडा. गुडघा टेकून, बसून, काठ्यांच्या आधाराने झाडा, आणि या प्रत्येक स्थितीत वीस सेंटिमीटरच्या गोलात सगळ्या गोळ्या जिथपर्यंत बसतात ते अंतर लिहून ठेवा. हंगामात त्यापलीकडे चाप ओढू नका. मधेच दुसऱ्या कंपनीचा डबा हातात आला, तर वजन तेच असलं तरी पुन्हा झीरो तपासा. एकाच .३०८ मधून दोन कंपन्यांच्या १५० ग्रेनच्या गोळ्या शंभर यार्डांवर दोन इंच बाजूला लागलेल्या मी पाहिल्यात.