बेळगावात मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवायचं तर

बेळगावात असं दुकान काढणारे बहुतेक जण मांडणीत फसतात. एक भिंत मराठीची, एक कन्नडची, एक इंग्रजीची. दिसायला नेटकं, पण इथलं मूल घरात मराठी बोलतं, शाळेत इंग्रजी लिहितं आणि कन्नडचा पेपरही देतं. तीन भिंती समोर आल्या की ते इंग्रजीकडे वळतं, कारण वाचायचा सराव तिथलाच. मग मराठीची भिंत आजोबांपुरती उरते.

त्यापेक्षा फळ्या वाचनाच्या टप्प्यांप्रमाणे लावाव्यात: नुसती चित्रं बघत ऐकणारी मुलं, अक्षर जुळवून वाचणारी, परिच्छेद पेलणारी, जाड पुस्तक संपवणारी. प्रत्येक फळीवर तिन्ही भाषा शेजारी शेजारी. प्रथम बुक्स, तूलिका, नॅशनल बुक ट्रस्ट यांची कित्येक चित्रपुस्तकं मराठीत आणि कन्नडमध्येही निघतात. अशा जोड्या मुद्दाम एकत्र ठेवाव्यात. आई कन्नड आणि बाबा मराठी अशी घरं टिळकवाडी, शहापुरात भरपूर आहेत. ती दोन्ही घेऊन जातात.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे इंग्रजी माध्यमातलं दहा वर्षांचं मूल, ज्याचं मराठी वाचन दुसरीच्या पातळीवर आहे. पालक म्हणतात, "मोठा झालाय, जाड पुस्तक द्या." ते पुस्तक चौथ्या पानावर थांबतं. उलट बाळांचं पुस्तक हातात दिलं तर मूल लाजतं आणि परत दुकानात पाऊल टाकत नाही. त्याला विषय दहा वर्षांचा आणि वाक्य सात वर्षांचं, असं पुस्तक हवं. चित्रकथा, प्राणी, किल्ले, प्रयोग, कोडी, जिथे मजकूर चौकटीत थोडा थोडा येतो. तपासायला सोपी युक्ती: मधलं एखादं पान उघडून मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि अडखळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. दोन-तीन बोटं मिटली तर पुस्तक योग्य, पाचही मिटली तर अजून जड. मराठीत मुलं अडतात ती बहुधा जोडाक्षरांवर. शब्द ऐकून कळलेला असतो, नजरेला ओळखू येत नाही. त्यामुळे खरेदी करतानाच पान डोळ्यांखालून घाला. टाइप मोठा, ओळींत मोकळी जागा आणि पानावर पाच-सहा ओळी असलेलं पुस्तक या मुलांसाठी वेगळं काढून ठेवा. पालकांपुढे ही परीक्षा घेऊ नका, तेवढं मात्र सांभाळा.

सोळा-चोवीस पानी चित्रपुस्तकांना मधोमध पिना असतात, त्यामुळे कणा नसतोच. उभी रचली की नाव दिसत नाही आणि पुस्तक असूनही नसल्यासारखं. ती मुखपृष्ठ समोर ठेवूनच मांडावी लागतात. लहानांच्या फळ्या तीन फुटांच्या आत, आणि प्रत्येक कपाट भिंतीला पट्टीने पक्कं केलेलं. मुलं फळीवर पाय देऊन चढतात, हे गृहीत धरूनच सुताराशी बोला.

पावसाळा हा खरा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या पिना गंजतात आणि मधल्या पानावर तपकिरी डाग पडतो. तशी प्रत पूर्ण किमतीला जात नाही. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात, पुठ्ठ्याची पुस्तकं वाकतात. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे, खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर. डांबरगोळ्या नकोत, त्या विषारी असतात आणि पोरांना गोळीसारख्या दिसतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळूनही भागत नाही, आत ओल कोंडते. ऊन पडलं की दारं-खिडक्या उघडून पंखा लावायचा आणि आठवड्यातून एकदा पुस्तकं हलवायची. याला पर्याय नाही.

पैशाचं गणित छोटं असतं. प्रकाशकाकडून साधारण २५ ते ४० टक्के सवलत मिळते. ८० रुपयांच्या पुस्तकावर ३५ टक्के धरले तर हाती २८ रुपये. त्यातूनच पुण्याहून आलेल्या पार्सलचं भाडं, दुकानभाडं आणि खराब प्रती. म्हणून सुरुवातीला एका पुस्तकाच्या दहा प्रती घेऊ नका. तीनशे पुस्तकांच्या दोन-दोन घ्या, त्यातली एक चाळायला मोकळी. न खपलेला माल परत घेणार का आणि परतीचं भाडं कुणाचं, हे पहिल्या ऑर्डरआधीच लिहून घ्या.

छापील पुस्तकांवर आणि मुलांच्या चित्रकलेच्या, रंगवायच्या पुस्तकांवर जीएसटी नाही. फक्त तेवढंच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. करपात्र खेळणी किंवा पझल ठेवून ती महाराष्ट्रातल्या चंदगडच्या गिऱ्हाइकाला पोस्टाने पाठवलीत, तर तो राज्याबाहेरचा व्यवहार होतो आणि विक्री कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. पुस्तकं पाठवायला मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, आणि त्यावर कर वेगळा. दुकानाची पाटी करून घेताना मजकुराचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये आणि तोही वरच्या बाजूला हवा. मराठी नाव उरलेल्या जागेत. रंगाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर पाटी दोनदा करावी लागते.

आणि कॅलेंडर कर्नाटकाचं पाळा. महाराष्ट्रातले प्रकाशक उन्हाळ्याच्या योजना तिथल्या सुट्टीच्या हिशेबाने आखतात. इकडे शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला भरतात, तिकडे जूनच्या मध्यावर. इथली सुट्टी लवकर संपते, म्हणून उन्हाळ्याची ऑर्डर मार्चच्या मध्यालाच गेली पाहिजे. मुलांच्या दिवाळी अंकांचंही तसंच. इथली मोठी सुट्टी दसऱ्याला असते, अंक येईपर्यंत ती संपलेली. त्यामुळे अंक मोजकेच मागवा आणि दसऱ्याच्या सुट्टीसाठी गोष्टींची पुस्तकं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फळीवर आणा.