तुम्ही विचारलंत म्हणून : पाँगच्या आधी काय होतं?

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न ठरलेला : "नाणं टाकून खेळायचा पहिला व्हिडिओ गेम पाँगच ना?"

नाही. पाँग, म्हणजे पडद्यावरचा टेबल टेनिससारखा गेम, १९७२ चा. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी 'कॉम्प्युटर स्पेस' हा रॉकेट उडवायचा गेम तयार केला आणि नटिंग असोसिएट्स या कंपनीने तो विकायला आणला. त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात 'गॅलक्सी गेम' लागला होता, पण तो खऱ्या कॉम्प्युटरवर चालणारा, महागडा. कारखान्यात बनून ठिकठिकाणच्या बारमध्ये पोचला तो कॉम्प्युटर स्पेस.

आणि नावात कॉम्प्युटर असला तरी आत कॉम्प्युटर नव्हताच! माझा जीव जडला तो इथे. बुशनेल यांनी आधी मिनीकॉम्प्युटर (त्या काळचा लहान कॉम्प्युटर) वापरून पाहायचं ठरवलं होतं, पण ते परवडणारं नव्हतं. मग वाट सापडली ती साध्या टीव्हीत. आपल्याकडे ज्यांनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही पाहिलाय, त्यांना चित्र वर वर पळायला लागलं की उठून 'होल्ड'चं बटण फिरवणं आठवत असेल. ते बटण फिरवलं की चित्र का सरकतं, हेच बुशनेल यांनी डॅबनींना विचारलं.

टीव्हीतला इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ पडदा पुसत जातो; त्याच्या वेळेशी मेळ चुकला की चित्र सरकतं. गेममध्ये त्या झोताबरोबर एक काउंटर, म्हणजे मोजणी करणारं सर्किट, मोजत असतो. दुसऱ्या काउंटरची फेरी तेवढीच ठेवली, तर ती दर वेळी त्याच जागी संपते. तिथे टिंब उमटवलं की ते स्थिर दिसतं. मोजणीत एकाचा फरक केला की टिंब सरकतं. बस्स. ना प्रोसेसर, ना प्रोग्राम, नुसत्या लॉजिक चिप, म्हणजे हो-नाही एवढंच ठरवणाऱ्या साध्या चिप. टिंब हलवणारं ते सर्किट डॅबनींनी जुळवलं.

रॉकेटचं चित्र साठवायला मेमरी चिपही नव्हती. सर्किट बोर्डावर डायोडच (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) रॉकेटच्या आकारात सोल्डर केलेले. बोर्ड समोर धरला की नुसत्या डोळ्यांनी रॉकेट दिसतं! वर्गात त्याचा फोटो दाखवला की मागच्या बाकावरची मुलंही पुढे येतात.

'कॉम्प्युटर स्पेस फसला' असं सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. हजाराहून जास्त यंत्रं विकली गेली. रॉकेट वळवा, रेटा द्या, गोळी झाडा, तेही जडत्व सांभाळून : बारमध्ये आलेल्या माणसाला हे अवघड गेलं, एवढंच. पाँगमध्ये फक्त एक गोल बटण फिरवायचं होतं, म्हणून तो लगेच चालला. बुशनेल आणि डॅबनी यांच्या अटारी कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी बनवलेल्या त्या पाँगचा चेंडूही मोजणीतल्या याच फरकावर पळतो. डॅबनी १९७३ मध्ये अटारीतून बाहेर पडले, २०१८ मध्ये वारले. बुशनेल यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं; डॅबनींचं मला दर वेळी फळ्यावर लिहून द्यावं लागतं.