आमची वाटचाल: चोथ्यातली साखर

मार्च लागला की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बोंडूंचा वास गावभर भरून राहतो. बी पिरगाळून काढायची, बोंडू कोळंबीत, म्हणजे रस काढायच्या कुंडात, तुडवायचे, चोथ्याचा ढीग वेलीने आवळून वर दगड ठेवायचा आणि त्यातून ठिबकणारा नीरो प्यायचा. रस जातो भट्टीला, चोथा माडाच्या मुळात. लहानपणापासून हेच पाहिलेलं. रसायनशास्त्र शिकून 2016 साली गावी परतलो आणि पहिल्यांदाच तो चोथा कोमट पाण्यात भिजवून पिळला. पाणी चक्क गोड लागलं.

साखरेची दारू होते तेव्हा तिचं जवळजवळ निम्मं वजन कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांतून उडून जातं. लॅक्टोबॅसिलस हे विरजणातल्याच कुळातले जिवाणू मात्र त्याच साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, आणि कागदावर तरी किलोभर साखरेचं किलोभर आम्ल होतं. औषधं, खाद्यपदार्थ, पीएलए हे वनस्पतिजन्य प्लास्टिक, सगळीकडे ते लागतं. या हिशेबाने माझी झोप उडवली. बायकोने आपली सोसायटीतली ठेव मोडली आणि जुन्या गोठ्यात आमच्या टाक्या बसल्या.

पहिला हंगाम वाया गेला. माल दुपारी यायचा, तोवर रानातल्या यीस्टने आपलं काम सुरू केलेलं असायचं. टाकी उघडली की हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास! शेजारच्या भट्टीवाल्या काकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पुता, ऊन चढलं की रस कोणाचंच ऐकत नाही." तेव्हापासून आम्ही पहाटे पाचला टेम्पो काढतो आणि चोथ्याचं पाणी आल्या आल्या तापवतो.

दुसरी अडचण चुनखडीची. आम्ल वाढलं की जिवाणू मंदावतात, म्हणून चुनखडीची पूड थोडी थोडी घालत राहावं लागतं. प्रत्येक मुठीला टाकीत दुधासारखा पांढरा फेस उसळतो. घाई केली तर तो काठावरून पायांवर. त्यातून तयार होतं कॅल्शियम लॅक्टेट. शुद्ध आम्ल हवं असेल तर पुढे गंधकाम्ल वापरा, आणि मग किलोभर आम्लामागे जवळपास तेवढंच जिप्सम उरतं. आमच्या पावसात तो ओला ढीग ठेवायचा कुठे? खूप विचार करून आम्ही आम्लापर्यंत जायचंच सोडलं. कॅल्शियम लॅक्टेटच सुकवून विकायचं. हा आमचा सर्वांत शहाणा निर्णय, असं मी आजही मानतो.

तरीही पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकाने पिवळट रंगामुळे सगळी पोती परत पाठवली. दोष बोंडूतल्या टॅनिन या तुरट द्रव्याचा. साबुदाण्याची खळ घातली की टॅनिन खाली बसतं आणि पाणी निवळतं. बोंडूचं सरबत करणारे हे करतातच, आम्हाला उशिरा सुचलं.

पीएलएबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. त्यासाठी लागणारी शुद्धता आमच्या गोठ्यात जमणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. आणि ते प्लास्टिक समुद्रात टाकलं तर सहजी कुजत नाही. त्याला कारखान्यातल्या कंपोस्टची साठ अंशांच्या आसपासची ऊब लागते. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांना हे कळायलाच हवं.

हंगाम संपला की आता खोबऱ्याच्या घाण्यांवर फेकून दिलं जाणारं नारळाचं पाणी आणतो. थोडी साखर आणि व्हिनेगरच्या जातीचे जिवाणू घालून ट्रेमध्ये ठेवलं की आठवड्या-दीड आठवड्यात वर सेल्युलोजची जाड, पांढरी साय धरते. परवा त्यातली एक धुऊन दोरीवर वाळत घातली. संध्याकाळी हातात घेतली तर चर्मपत्रासारखी कडक, आणि फाडू म्हटलं तरी फाटेना.