मागच्या गचपणातला भारद्वाज

आज सकाळी पाऊस थांबल्या थांबल्या मागून ऊप ऊप ऊप ऊप सुरू. खिडकीतून बघितलं तर साहेब कंपाऊंडच्या भिंतीवर पंख पसरून उन्हात बसलेले, अंग वाळवत. नेरुळला राहायला आले तेव्हापासून मी ह्याला बघतेय, म्हणजे तोच आहे की दरवर्षी वेगळा कुणास ठाऊक, मी आपला एकच धरून चालते.

आईला फोनवर सांगितलं की तिचं ठरलेलं, "अगं भारद्वाज दिसला ना, मग आज तुझं काम होणार बघ!" आता काय बोलणार. मला हा दिसलेल्या दिवशी माझा इंटरव्ह्यू पडलाय, ठाण्याची लोकल डोळ्यासमोर सुटलीय, आणि बाबांना अ‍ॅडमिट करायला निघालो त्या सकाळी पण हा खाली गवतात आरामात गोगलगायी शोधत होता. तेव्हा खरंच राग आला होता, वाटलं कसला शुभ तू. नंतर कधीतरी तेच आवडायला लागलं, की माझा दिवस कसा जाणार ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, तो त्याच्या पोटापाण्याच्या मागे.

आणि दिसायला केवढा रुबाबदार, काळा कुळकुळीत, विटकरी पंख, लालभडक डोळे, पण उडायचं म्हटलं की नुसती धांदल. ह्या झुडपातून त्या झुडपात कसाबसा पोचतो, बाकी सगळा कारभार चालत. कोकिळेच्याच कुळातला, तरी स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, कावळ्याच्या घरी अंडी टाकून मोकळा होत नाही, ह्याचं मला उगाच कौतुक. पावसात त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी सगळ्यांच्या कुंड्या खातात, त्या पण हा फोडून खातो.

तसा साधाभोळा नाहीये हां. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं, त्यातली पिल्लं ह्याने नेली. काकूंनी स्वतः बघितलं, दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, आणि आता त्याचं नाव काढलं तरी चिडतात. मला वाईट वाटलंच, पण त्याच्यावरची माया काही कमी झाली नाही, का ते मला सांगता येणार नाही.

आता सोसायटीला मागचं सगळं साफ करायचंय, साप येतात, डास होतात वगैरे. चूक नाहीये त्यांचं. पण ती घाणेरी, वेली, सगळं गचपण गेलं तर हा राहणार कुठे, उघड्यावर तर तो टिकायचा नाही. शिवाय पावसाळा म्हणजे ह्यांचे घरटी करायचे दिवस. रविवारी मीटिंग आहे, तिथे म्हणणार आहे निदान दिवाळीपर्यंत थांबा. पक्षी, पर्यावरण असलं बोलून कोण ऐकतंय, म्हणून मी सरळ आईचं शुभाचं कार्ड काढणार आहे, भारद्वाजाचं घर मोडायला काकू सोडल्या तर कोणी हात वर करणार नाही.