कोरफडीला फूल पण येतं

आमच्या जळगाव-भुसावळकडे कोरफड नाही असं घर सापडणं कठीण. कुठे गच्चीवर, कुठे फुटक्या बादलीत आणि कित्येक घरांत तर मुळासकट उपटून दारावर उलटी टांगलेली, दृष्ट लागू नये म्हणून, आणि ती बिचारी तशीसुद्धा महिनोन्महिने हिरवी राहते. भाजलं लाव कोरफड, केस गळताय लाव कोरफड. पण हिला फूल येतं म्हटलं की लोक बघतच राहतात, कारण जिन्याखाली सावलीत ठेवली तर कुठून येणार? तिला भरपूर ऊन पाहिजे, वय पाहिजे, म्हणजे तीनचार वर्षं तरी, आणि थोडी थंडी. ऊन-थंडीला खान्देशात काय तोटा, मे मध्ये भुसावळला पारा ४५ च्या वर आणि जानेवारीत धुळ्याला कधीकधी ५-६ वर.

उन्हाळ्यात पानं तांबूस पडतात, बारीक होतात, तेव्हा घाबरून पाणी ओतायचं नाही. दुपारी आपण दारं-खिडक्या लावून बसतो ना, तसंच तिचं, पानांची छिद्रं दिवसा बंद आणि रात्री उघडी. तिला मारते ती आपली काळी माती. कापसाला, केळीला सोनं, पण कुंडीत पाणी धरून बसते आणि मुळं सडतात, म्हणून निम्मी तरी वाळू नाहीतर बारीक मुरूम घालायचा आणि माती पूर्ण सुकल्याशिवाय पाणी नाही.

मग थंडीत कधीतरी मधून दांडा निघतो, चांगला हात-दीड हात वाढतो, आणि पिवळ्या बारीक नळ्यांसारखी फुलं खाली माना घालून लटकतात, खालून वर एकेक उमलत जातात. मला फार आवडतात. पण वास नाही, गजऱ्यात जात नाहीत, देवाला कुणी वाहत नाही. शेजारच्या आजींनी बघितलं आणि सरळ विचारलं, "हाई कसाना कामनं शे वं माय?" आता काय सांगणार! वर म्हणे, "आते हाई झाड मरी जाई." त्यांच्या डोळ्यासमोर बांधावरची घायपात होती, ती खरंच एकदा फुलली की संपते, कोरफडीचं तसं नाही, ती पुढच्या वर्षी परत फुलते. काम असलंच तर जांभळ्या शिंजिराचं, तो सकाळी येतो, दांड्याला लटकतो, प्रत्येक नळीत चोच घालतो आणि आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एवढ्या कामाच्या झाडाने वर्षातून एकदा बिनकामाचं काहीतरी करावं, मला तर बरंच वाटतं.

दांडा वाळला की कापून टाकायचा, बी धरायची वाट बघू नका, एकट्या कोरफडीला सहसा धरत नाही. बुडाशी पिल्लं फुटतात ती काढून लावायची. ती न्यायला मात्र सगळे हजर असतात, आजी पण दोन घेऊन गेल्या, गुडघ्यासाठी.