पॉपायची चाल : आठवडा सहावा

हाताने चित्रं काढून मी कार्टूनमधल्या खलाशाला, पॉपायला, चालवतोय, आणि तो अखेर चालला! बारा चित्रं, प्रत्येक चित्र दोन फ्रेम, सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे सेकंदाला दोन पावलं. पेन्सिल टेस्ट (कच्ची चित्रं सलग चालवून पाहणं) किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही.

मागच्या नोंदीतली अडचण आठवत असेल : हात पुढे आला की पॉपाय तोंडावर पडणार असं वाटायचं. दंड काडीसारखा, कोपराच्या खालचा हात मात्र दुधीभोपळ्याएवढा, आणि मी तो साध्या माणसाच्या हातासारखा एकसंध झुलवत होतो. आता खांदा आधी निघतो, जड हात एक चित्र मागून ओढला जातो आणि टोकाला पोचल्यावर जरा रेंगाळतो. धड किंचित मागे कललेलं ठेवलं. एवढ्यावर वजन आलं.

मधल्या दोन संध्याकाळी पेन्सिल बाजूला ठेवून १९२९ च्या जुन्या चित्रपट्ट्या वाचल्या. व्यंगचित्रकार ई. सी. सीगरची ‘थिंबल थिएटर’ ही चित्रपट्टी १९१९ पासून चालू होती आणि तिच्यात ऑलिव्ह ऑईल, तिचा भाऊ कॅस्टर आणि तिचा प्रियकर हॅम ग्रेव्ही अशी मंडळी सुखाने नांदत होती. १७ जानेवारी १९२९ ला कॅस्टरला जहाजासाठी खलाशी हवा होता, म्हणून धक्क्यावरच्या एका माणसाला त्याने विचारलं, खलाशी आहेस का? त्यावर उलट प्रश्न आला, मग काय गुराखी वाटलो? हा पॉपाय. सफरीपुरता आणलेला माणूस वाचकांना इतका आवडला की सीगरला त्याला परत आणावं लागलं, आणि बिचारा हॅम पट्टीतून नाहीसा झाला. पालकाची भाजी खाऊन ताकद मिळवणारा पॉपाय सगळ्यांना ठाऊक, पण त्या पहिल्या गोष्टीत ती भाजी नाहीच. गोळ्या लागूनही तो वाचतो ते बर्निस नावाच्या जादूच्या कोंबडीचं डोकं चोळून.

हे वाचल्यावर एक डोळा, पुढे आलेली हनुवटी आणि ते हात वेगळे दिसू लागले. नायक म्हणून कुणी आखलेलाच नाही तो. म्हणून माझ्या चित्रांतला नीटनेटकेपणाही खोडून टाकला.

पालकाचं वेड पुढचं. टेक्सासातल्या क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावाने १९३७ मध्ये त्याचा पुतळा उभारला. मला त्याहून मोठी वाटते ती डाँकी काँग या व्हिडिओ गेमची गोष्ट. निन्टेंडो या गेम कंपनीला पॉपायचा खेळ करायचा होता, हक्क मिळाले नाहीत, तेव्हा पॉपायचा दांडगा शत्रू ब्लूटो याच्या जागी गोरिला आला आणि पॉपायच्या जागी उडी मारणारा सुतार. १९८१ चा तो सुतार म्हणजे पुढचा मारिओ.

१ जानेवारी २०२५ पासून १९२९ चा पॉपाय अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे, म्हणून मी कोंबडीवालाच काढतोय.

आता पॉपायचं पुटपुटणं. त्याच्या कार्टून फिल्म्स काढणाऱ्या फ्लायशर स्टुडिओच्या सुरुवातीच्या फिल्म्समध्ये आवाज चित्रांनंतर भरत. त्यामुळे ओठ फारसे हलत नसतानाही पॉपायला आवाज देणारा जॅक मर्सर मनाला येईल ते पुटपुटत राही आणि तीच पॉपायची ओळख झाली. मर्सर त्याच स्टुडिओत इनबिट्विनर होता! दोन मुख्य चित्रांमधली चित्रं काढणारा माणूस १९३५ पासून पॉपायचा आवाज झाला, हे कळल्यापासून मधली चित्रं काढताना कंटाळा येत नाही.

पुढच्या आठवड्यात तोंडाची चार चित्रं करणार. चिलीम ओठांच्या कोपऱ्यात घट्ट, हलेल ती फक्त हनुवटी. आवाज मीही नंतरच भरणार आहे.