आयईएलटीएसचं लिसनिंग आणि रीडिंग: मराठी शाळेतून आलेल्यांसाठी माझा अनुभव

गोव्यात आमच्यापैकी बऱ्याच जणांचं चौथीपर्यंतचं शिक्षण मराठीतून आणि पाचवीपासून पुढचं इंग्रजीतून होतं. हायर सेकंडरीला पोचेपर्यंत इंग्रजी वाचता येतं, पेपर लिहिता येतो, व्याकरणही बरं असतं. पण सलग इंग्रजी ऐकायची वेळ कमी येते, कारण वर्गात धडा इंग्रजीत वाचला जातो आणि समजावला जातो मराठी-कोकणीत. आयईएलटीएस म्हणजे परदेशी शिकायला जाणाऱ्यांना लागणारी इंग्रजीची परीक्षा. तिच्या तयारीत हा फरक लगेच उघडा पडतो. म्हणून मी निम्म्याहून जास्त वेळ कानाला दिला. बाजारात मिळणाऱ्या शब्दसंग्रहाच्या जाडजूड याद्या बाजूला ठेवल्या, आणि ते योग्यच होतं असं मला अजून वाटतं.

आधी हिशेब. परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग असे चार विभाग, आणि अकॅडमिक व जनरल ट्रेनिंग असे दोन प्रकार. लिसनिंगचे चार भाग, प्रत्येकात 10 प्रश्न, एकूण 40, सुमारे अर्धा तास. रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. रीडिंगमध्ये तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी ठेवायची नाही. अकॅडमिक परीक्षेत दोन्ही विभागांत साधारण 23 बरोबर आले की 6 बँड (9 पैकी मिळणारी श्रेणी), 30 ला 7, 35 ला 8. प्रश्नपत्रिकेनुसार यात एखाद्या गुणाचा फरक पडतो. जनरल ट्रेनिंगचं रीडिंग सोपं असतं आणि म्हणून त्याचं मोजमाप कडक. तिथे 30 ला 6 च मिळतात. सरावाचा संच कुठल्या प्रकारचा आहे हे न बघता गुण मोजले तर अंदाज पूर्ण बँडने चुकतो. पदवीसाठी जाणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी अकॅडमिकच लागते.

एकूण बँड म्हणजे चार विभागांची सरासरी, जवळच्या अर्ध्यावर आणलेली. लिसनिंग 7.5, रीडिंग 7, रायटिंग 6, स्पीकिंग 6.5 असेल तर सरासरी 6.75 आणि निकालावर 7 येतात. म्हणजे ऐकण्या-वाचण्यातले दोन-तीन जादा गुण एकूण आकडा वर उचलू शकतात. फक्त विद्यापीठाने प्रत्येक विभागासाठी वेगळी किमान अट घातली आहे का, ते आधी बघून ठेवायचं.

सरावाच्या प्रत्येक चाचणीनंतर मी चुकांची वही लिहायचे. गुण वर, आणि खाली प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक खूण: शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण कानाला ओळखता आला नाही, ऐकू आला पण लिहिताना गेला. बहुतेकांना वाटतं की पहिल्या प्रकारच्या चुका जास्त असतील. मराठी शाळेतून आलेल्या मुलांच्या वह्या मी नंतर पाहिल्या, त्यांत दुसरा आणि तिसरा प्रकारच भरलेला असतो. आणि या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. नुसत्या एकामागून एक चाचण्या सोडवून दुसरा प्रकार कमी होत नाही.

कानाला न ओळखता येणारे शब्द कुठले, तर आधी आकडे. थर्टीन आणि थर्टी. पुस्तकात लिहिलेलं असतं की तेराला जोर शेवटावर आणि तीसला सुरुवातीला. पण तेराच्या पुढे नाम आलं की जोर सुरुवातीला सरकतो, मग तो नियम हाताशी राहत नाही. त्यापेक्षा दोन खुणा पक्क्या: शेवटचा ‘न’ येतो का, आणि मधला ‘ट’ कसा आहे. अमेरिकन बोलण्यात थर्टीमधला ‘ट’ मऊ होऊन ‘ड’ सारखा लागतो, थर्टीनमधला कडकच राहतो. फोन नंबरात शून्याला ‘ओ’ म्हणतात, सारखे दोन आकडे आले की ‘डबल’.

मग अक्षरं. पहिल्या भागात बऱ्याचदा कुणाचं तरी आडनाव किंवा रस्त्याचं नाव स्पेल करून सांगतात. ऑस्ट्रेलियन उच्चारात ‘ए’ हे अक्षर ‘आय’कडे झुकतं, आणि आपण सरळ आय लिहून मोकळे होतो. ब्रिटिश ‘आर’ नुसता ‘आ’ ऐकू येतो. बी, डी, पी, व्ही एकमेकांत मिसळतात. यावर वर्गाचा हजेरीपट फार कामाचा: शिरोडकर, कुंकळ्येकर, रॉड्रिग्ज, फर्नांडिस. एकाने वेगात स्पेलिंग म्हणायचं, दुसऱ्याने न थांबवता लिहायचं. गोव्याच्या हजेरीपटाइतका चांगला मिश्र संच विकत मिळणार नाही.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ हा तिसरा खड्डा. होकारार्थी वाक्यात कॅन इतका हलका होतो की ‘कन’ एवढंच उरतं, आणि अमेरिकन नकारात शेवटचा ‘ट’ जवळजवळ गिळला जातो. तेव्हा स्वर पूर्ण आणि ठसठशीत ऐकू आला तर नकार, पुसट असेल तर होकार, असं धरायचं. बाकी ओ आणि ऑ सारख्या स्वरांत गोव्याच्या मुलांचा फारसा गोंधळ होत नाही. कोकणीत उघडा आणि मिटलेला ‘ओ’ वेगळे आहेत, त्यामुळे कान आधीच तयार असतो. घाटावरच्या मित्रांना तो फरक शिकावा लागतो, आपल्याला फुकट मिळतो!

उपाय म्हणजे श्रुतलेखन. जुनाच, शाळेतला. चौथ्या भागातल्या व्याख्यानाचे दोन मिनिटांचे तुकडे घ्यायचे. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, विषय काय ते मराठीत एका ओळीत लिहायचं. मग वाक्यागणिक थांबवून शब्द न् शब्द लिहायचा. न कळलेल्या ठिकाणी ऐकू आला तसा आवाज देवनागरीत लिहायचा. ही युक्ती महत्त्वाची आहे, कारण देवनागरीत लिहिलेला आवाज नंतर छापील मजकुराशी ताडून बघता येतो आणि शब्द एकमेकांना कुठे चिकटले ते दिसतं. ‘अनावरनहाफ’ असं लिहिलेलं असतं आणि छापील मजकुरात ‘ॲन अवर अँड अ हाफ’ निघतो. शेवटी मजकूर समोर ठेवून आवाजाबरोबर मोठ्याने वाचायचं. दोन मिनिटांच्या तुकड्याला अर्धा तास जातो, म्हणून दिवसाला एकच. सबटायटल लावून मालिका बघणं मी लिसनिंगचा सराव मानत नाही. त्यात डोळेच काम करतात.

वेगवेगळ्या उच्चारांसाठी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड इथल्या सार्वजनिक रेडिओंचे मुलाखतीचे कार्यक्रम चांगले. बातम्या कमी, मुलाखती जास्त. बातमीदार एकसुरी आणि स्वच्छ बोलतो, परीक्षेतला तिसरा भाग तसा नसतो.

भागवार सांगायचं तर पहिला भाग सोपा आहे आणि तिथे 10 पैकी 9-10 यायलाच हवेत. खोली भाड्याने घेणं, क्लासची चौकशी, असे दोघांचे संवाद. यातली खोड म्हणजे बोलणारा स्वतःला दुरुस्त करतो: मंगळवार म्हणतो, मग नाही, गुरुवार. पहिला वार ऐकला की लिहून टाकणारे इथे पडतात. वाक्य संपेपर्यंत थांबायचं.

दुसऱ्या भागात एकच माणूस माहिती देतो आणि बऱ्याचदा नकाशा असतो. नकाशासाठी समोर, लगत, पलीकडच्या टोकाला, वळणावर यांचे इंग्रजी शब्द तोंडात बसवावे लागतात. मी पणजीच्या चर्च स्क्वेअरचा कच्चा नकाशा काढून, पालिका उद्यानाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं ते इंग्रजीत सांगायचा सराव केला. सांगता आलं की ऐकताना दिशा हरवत नाही.

तिसरा सगळ्यांत अवघड. विद्यार्थी आणि शिक्षक चर्चा करतात, तिन्ही पर्यायांतले शब्द रेकॉर्डिंगमध्ये उच्चारले जातात, आणि उत्तर ठरतं ते शेवटी कोण कशाला हो म्हणालं यावर. पर्यायातला शब्द जसाच्या तसा ऐकू आला तर उलट संशय घ्यायचा. बरोबर उत्तर बहुधा वेगळ्या शब्दांत येतं. चौथ्यात एकटा वक्ता, आणि मधे विराम नाही. तिथे नोट्समधल्या उपशीर्षकांवर नजर ठेवायची. एक उत्तर निसटलं तर त्याचा विचार सोडून पुढच्या जागेवर जायचं, नाहीतर त्या एकापायी पुढची तीन जातात. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानेच येतात हा मोठा आधार आहे.

लिहिताना जाणारे गुण सगळ्यांत जास्त चीड आणतात. ‘वन वर्ड ओन्ली’ अशी सूचना असताना ‘द लायब्ररी’ लिहिलं तर गुण शून्य, कारण ते दोन शब्द झाले. स्पेलिंग चुकलं तरी शून्य; ब्रिटिश किंवा अमेरिकन, दोन्ही पद्धती मात्र चालतात. अनेकवचनाचा ‘स’ पुढचा शब्द ‘स’ नेच सुरू होत असेल तर ऐकूच येत नाही. म्हणून रिकाम्या जागेच्या आधी ‘अ’ आहे की ‘मेनी’, क्रियापद एकवचनी आहे का, हे ऐकण्याआधीच बघून पेन्सिलीने खूण करायची. कागदावरची परीक्षा असेल तिथे उत्तरं उतरवायला शेवटी 10 मिनिटं मिळतात, संगणकावर फक्त 2 मिनिटं तपासायला. मी संगणकावर दिली, म्हणून सरावही टाइप करूनच केला.

आता रीडिंग. तीन उतारे मिळून 2150 ते 2750 शब्द असतात. मिनिटाला 150 शब्दांच्या वेगाने 2700 शब्द नुसते वाचायला 18 मिनिटं लागतात, राहिली 42 मिनिटं, प्रश्न 40. म्हणजे सगळं दोनदा वाचायची चैन परवडत नाही. उतारे चढत्या क्रमाने अवघड होतात, म्हणून मी 16, 20, 24 अशी वाटणी ठेवली. प्रत्येक उताऱ्यात आधी परिच्छेदांची पहिली वाक्यं, मग थेट प्रश्न. क्रमाने येणारे प्रश्न आधी (रिकाम्या जागा, ट्रू-फॉल्स), परिच्छेद शोधायचे आणि मथळे जुळवायचे शेवटी, कारण तोवर अर्धा उतारा ओळखीचा झालेला असतो.

ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन (विधान उताऱ्यानुसार खरं, खोटं की उताऱ्यात दिलेलंच नाही) यावर बोर्डाच्या परीक्षेची सवय आडवी येते. उताऱ्यावरून आणि आपल्या ज्ञानावरून लिहा, असं इथे नाही. समजा उतारा खाजन शेतीवर (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर) आहे आणि त्यात म्हटलंय की मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, दरवाजे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात. ‘दरवाजे बंद करायला माणूस ठेवावा लागतो’ हे विधान फॉल्स, कारण उतारा त्याच्या विरुद्ध बोलतो. ‘दरवाजे लाकडाचे असतात’ हे मात्र नॉट गिव्हन. तुमच्या वाड्यावरची मानस लाकडी आहे हे तुम्ही रोज बघत असाल, तरी उताऱ्यात नसेल तर नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारायचे: या विधानाला खोटं पाडणाऱ्या शब्दावर बोट ठेवता येतं का? नाही आलं आणि खरं ठरवणाराही सापडला नाही, तर नॉट गिव्हन. ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘फर्स्ट’ असे शब्द विधानात असतील तर त्यांच्याभोवती गोल करायचा, बऱ्याचदा सगळं तिथेच फिरतं.

रिकाम्या जागांत उलटी सवय मोडावी लागते. शाळेत स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणून सांगतात. इथे उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा, रूपही न बदलता उचलायचा. मथळे जुळवताना परिच्छेदांपेक्षा मथळे जास्त दिलेले असतात, आणि परिच्छेदातला ठळक शब्द जसाच्या तसा असलेला मथळा बहुतेक वेळा गळ असतो. परिच्छेद झाकून तो कशाबद्दल होता हे मराठीत चार शब्दांत म्हणायचं, मग यादी बघायची.

वाचनाच्या साहित्यासाठी वर्तमानपत्र पुरत नाही, बातमीची बांधणी वेगळी असते. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून मी विज्ञान, इतिहास, शेती अशा विषयांवरचे इंग्रजी लेख वाचले. मुद्दाम नावडते विषय. तिथल्या शांततेत तासभर न उठता बसायची सवयही होते, आणि ती लागते: लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग मधे सुट्टी न देता सलग घेतात, अडीच तासांहून थोडं जास्त. बाथरूमला गेलात तर घड्याळ थांबत नाही. मनगटी घड्याळ आत नेता येत नाही, वेळ पडद्यावरच बघायची. नोंदणीला जो पासपोर्ट दिला तोच मूळ प्रतीत हातात हवा. ज्यांचा नूतनीकरणाला गेलाय किंवा बदलतोय त्यांनी तारीख घेण्याआधी ते काम उरकावं.

तारीख निवडताना निकाल दोन वर्षं चालतो हे धरून मी बारावीच्या बोर्डाच्या महिन्यांपासून लांबची घेतली. चतुर्थीच्या आठवड्यात आणि त्याच्या लगेच नंतर घेऊ नका. घरात आरत्या आणि घुमटवादन चालू असताना श्रुतलेखन होत नाही, आणि झालेली सवय आठवड्याभरात सुटते.